पोच दे, मग मान माग

दोघंही नीट ऐका, आणि माझं होईपर्यंत मध्ये तोंड उघडायचं नाही. एकाच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि तारा आला, दुसऱ्याच्या खांद्याला झोळी आली. पण माझ्या हजेरीपटावर तुम्ही अजून नववी ‘ब’मधलेच आहात. इतिहासाच्या शेपटाला जोडलेलं नागरिकशास्त्र थोड्या मार्कांचं, म्हणून तुम्ही दोघंही ते परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचात. मला तेव्हाच दिसत होतं. आता अख्खा जिल्हा त्याची फळं भोगतोय.

महिना झाला, एसटी स्टँडपासून कोर्टाच्या आवारापर्यंत एकच विषय आहे. अधीक्षक नमतात की संघटना नमते? पैजा लागायच्या तेवढ्या बाकी आहेत. एकाने पत्रकार बोलावून ‘काही समाजकंटक’ म्हणायचं, दुसऱ्याने मोबाइल उंच धरून ‘खाकीतले गुंड’ म्हणायचं. मधल्या सुट्टीतलं भांडण तुम्ही सरकारी पगारावर आणि लोकांच्या वर्गणीवर चालवलंय, एवढंच.

साहेब, आधी तुझं बघू. तुझी खरडपट्टी लांबेल, त्याची त्या मानाने कमी होईल. पक्षपात म्हणू नकोस. लाठी तुझ्याकडे आहे, कोठडीची किल्ली तुझ्याकडे आहे, स्टेशन डायरीत काय लिहायचं आणि काय गाळायचं हेही तुझ्या माणसांच्या हातात आहे. त्याच्याकडे फक्त घसा आहे, आणि तोही आता बसलाय.

मोर्चाच्या दिवशी मी तुझ्या कार्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. बायका अकरापासून उन्हात. फाटकाला साखळी. आतून निरोप, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’ दीडच्या सुमाराला एक निरीक्षक आला, निवेदन हातात घेतलं, चार घड्या घालून खिशात कोंबलं. पोच मागितली तर म्हणाला, ‘मिळेल नंतर.’ अरे, ग्रामपंचायतीचा शिपाईसुद्धा आवक रजिस्टरला नोंद करून शिक्का मारून देतो! त्या निरीक्षकाला मी बोलणार नाही. त्याने तुझ्याकडे बघून शिकलंय. तू जिना उतरून खाली आला असतास, दोन मिनिटं ऐकलं असतंस, सही करून पोच दिली असतीस, तर त्या दिवशीचा मोर्चा बाराच्या आत घरी गेला असता. तुझा मान त्या जिन्यात अडकला होता का?

आणि ती आदल्या रात्रीची नोटीस. साडेअकराला हवालदार दाराशी, हातात छापील कागद. तुमच्या भाषेत अजून ‘149 ची नोटीस’. नव्या संहितेत कलम 168 झालं तरी तुमच्या तोंडून जुना आकडा जात नाही. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी हस्तक्षेप करावा, यासाठी ते कलम आहे. बायकांनी निवेदन देणं हा कोणता दखलपात्र गुन्हा, ते मला फळ्यावर लिहून दाखव. लग्नाच्या पत्रिका वाटाव्यात तशा तुम्ही या नोटिसा वाटता. मोर्चा निघाला की नोटीस, मंत्र्यांचा दौरा आला की नोटीस, आणि दौऱ्याच्या दिवशी सकाळीच ‘जरा चहा प्यायला ठाण्यात या’. तो चहा संध्याकाळी ताफा जाईपर्यंत संपत नाही. त्याची नोंद कुठे असते? कुठेच नसते. विचारलं की ‘वरून आदेश आहेत.’ लेखी? नाही. माझ्या वर्गात तोंडी उत्तराला मार्क नव्हते, कायद्यातही नाहीत.

त्या दिवशी बंदोबस्तावरच्या मुलांच्या छातीवर मी नावं शोधत होतो. निम्म्यांच्या पट्ट्या जॅकेटखाली गेलेल्या. ऐन मे महिन्यात जॅकेट! अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात डिसेंबर 1996 मध्ये सांगितलं. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी, अशा एकूण 11 सूचना होत्या. नंतर त्यातल्या बऱ्याच कायद्याच्या पुस्तकात आल्या. त्या कुठून आल्या, ठाऊक आहे? कुण्या पोलीस महासंचालकाने मागितल्या नव्हत्या. बंगालमधल्या एका विधी सेवा संस्थेच्या कार्याध्यक्षाने कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून 1986 मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आणि त्या पत्राचीच याचिका झाली. ज्या जमातीला तू ‘उपद्रवी’ म्हणतोस, तिच्यातल्या एका माणसाने तुझ्या खात्याला शिस्त लावली. अकादमीत तू हे वाचलंस, परीक्षेत लिहिलंस, आणि पोस्टिंग मिळाल्यावर विसरलास.

पत्रकार परिषदांची हौसही जरा आवर. 31 ऑगस्ट 2018 आठव. भीमा कोरेगाव प्रकरणात कार्यकर्त्यांना अटक होऊन तीन दिवस झाले होते, प्रकरण न्यायालयापुढे होतं, आणि राज्याचे तेव्हाचे अतिरिक्त पोलीस महासंचालक परमबीर सिंग पत्रकारांपुढे बसून पुराव्यातली पत्रं वाचून दाखवत होते. पुढच्याच सोमवारी मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं की प्रकरण न्यायप्रविष्ट असताना पोलीस अशी पत्रकार परिषद घेतातच कशी? महिन्याभराने सर्वोच्च न्यायालयात निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. बहुमत पोलिसांच्या बाजूने गेलं; पण न्या. चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्रात याच प्रकारावर कडक ताशेरे ओढले. आरोप खरे की खोटे, हे मी इथे ठरवत नाही. ते ठरवण्याची जागा कोर्ट आहे, एवढंच सांगतोय. तीच जागा त्या दिवशी माइकने घेतली.

आता पुढचं ऐक, हे तुझ्या खास उपयोगाचं आहे. तेच सिंग पुढे मुंबईचे पोलीस आयुक्त झाले. मार्च 2021 मध्ये पद गेलं, गृहमंत्र्यांवर आरोप करणारं पत्र गाजलं, मग त्यांच्यावरच गुन्हे दाखल झाले आणि नोव्हेंबरात मुंबईच्या न्यायालयाने त्यांना फरार घोषित केलं. वकिलामार्फत त्यांनी सर्वोच्च न्यायालयात काय सांगितलं? मुंबई पोलिसांकडूनच जिवाला धोका आहे! न्यायालयाने अटकेपासून संरक्षण दिलं आणि वर बोलूनही दाखवलं, की माजी आयुक्ताची ही गत, तर सामान्य माणसाचं काय होत असेल? खुर्ची गेली की तुलाही तेच हक्क लागणार आहेत, जे आज मागणाऱ्याला तू फाटकाबाहेर ठेवतोस. निवृत्तीला तुझी किती वर्षं राहिलीत, मला माहीत आहे. दाखल्यावरची जन्मतारीख मीच लिहिली होती.

तडीपारीचं शस्त्रही तसंच. मुंबईच्या 1951 च्या पोलीस कायद्यात ते कलम आलं गुंडांसाठी. त्यांच्या दहशतीमुळे साक्षीदार पुढे येत नाहीत, म्हणून. अमरावतीत ते वापरलं गेलं माहितीच्या अधिकारात अर्ज करून संस्थांमधले गैरव्यवहार विचारणाऱ्या एका पत्रकारावर. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि एवढा टोकाचा उपाय अपवादात्मक परिस्थितीतच वापरायचा असतो, असं सुनावलं. आणि ज्यांना खरंच संरक्षण हवं असतं, त्यांच्याकडे कोण बघतं? तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमीन व्यवहारांची माहिती मागत होते. धमक्या येत होत्या, पोलीस संरक्षण मागून झालं होतं. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले आणि भर रस्त्यात मारले गेले. तपास सीबीआयपर्यंत गेला आणि शेवटी प्रकरण बंद करण्याचे अहवाल आले. माहिती मागणारा कुणी तुझ्या दारात अर्ज घेऊन आला, की ही तारीख आठवावी. तुझ्या डायरीत लिहून ठेव.

आता तू. झोळी खाली ठेव. गालातल्या गालात हसत होतास ना, इतका वेळ?

मोर्चाच्या दिवशी तू फाटकावरच्या त्या पोराच्या तोंडासमोर मोबाइल धरलास आणि ‘तुझ्या पगाराचे पैसे आम्ही भरतो’ असं ओरडलास. तो शिपाई पहाटे पाचपासून उभा होता. आदल्या रात्री यात्रेचा बंदोबस्त, दुसऱ्या दिवशी तुझा. पाण्याची बाटली त्याला झेरॉक्सवाल्याने दिली. ना तुझ्या संघटनेने, ना त्याच्या साहेबाने. साखळी लावायचं त्याने ठरवलं नव्हतं. ज्याने ठरवलं त्याच्यापर्यंत तुझा आवाज पोचत नाही, म्हणून हाताशी सापडलेल्याला ओरबाडायचं? याला लढा म्हणत नाहीत. मुंबईत मे 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात शिपायांसाठी आठ तासांची ड्युटी सुरू करून पाहिली, तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर. मूळ मांडणी एका शिपायाचीच होती. तुझ्या संघटनेच्या पन्नास ठरावांत शिपायाच्या आठ तासांचा एक तरी ठराव आहे का? सोळा तास उभा असलेला माणूस तुझ्या बायकांशी सौजन्याने बोलेल, ही अपेक्षा कुठल्या पुस्तकात वाचलीस?

दुसरं. तुझं कायद्यावरचं प्रेम सोयीचं आहे. बदलापूरला काय झालं, दोघंही आठवा. हे दोघांसाठीच आहे. ऑगस्ट 2024. शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार. आईबाप ठाण्यात गेले आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवून घ्यायला तासन् तास लावले. त्या तासांनीच 20 तारखेचा रेल रोको घडवला, हे साहेब, तू लिहून घे. रुळांवर लोक उतरले, गाड्या दिवसभर थांबल्या, दगड आले, लाठ्या आल्या, शेकडोंवर गुन्हे आले. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेऊन पोलिसांना फटकारलं. इथपर्यंत जनतेचा संताप मला समजतो. पण रुळांवर मागणी काय होती? ‘आत्ताच फाशी द्या.’ महिन्याभराने, 23 सप्टेंबरला, आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्याच गोळीने मेला. त्याने पिस्तूल हिसकावलं, असं पोलिसांनी सांगितलं. पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’चे फलक लागले. तू त्या दिवशी काय लिहिलंस, ते मी वाचलंय. ‘पहिल्यांदाच पोलिसांचा अभिमान वाटला.’ जानेवारी 2025 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार धरले, तेव्हा तुझ्या भिंतीवर सामसूम. खटला चालला असता, पुरावे समोर आले असते, शाळेत कुणी काय दडवलं हे साक्षीदारांच्या उलटतपासणीत निघालं असतं. ते सगळं त्या गाडीत संपलं.

हैदराबादलाही 2019 च्या डिसेंबरात आरोपी चकमकीत मारल्यावर पोलिसांवर फुलं उधळली होती. पुढे न्या. वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाने सांगितलं की पोलिसांची हकिगत बनावट होती. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. सिरपूरकर आपल्याच विदर्भातले. फुलं उधळणाऱ्यांतल्या किती जणांनी तो अहवाल उघडून पाहिला? कोठडीतला मृत्यू आपल्या माणसाचा असला की मानवी हक्क, दुसऱ्याचा असला की न्याय. आपला तो बाळ्या!

आणि आंदोलन म्हणजे जबाबदारी नाही, असं समजू नकोस. जून 2011 मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या लोकांवर पोलीस मध्यरात्री तुटून पडले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये पोलिसांना दोषी धरलंच. पण नुकसानभरपाईतला 25 टक्के वाटा आयोजक ट्रस्टने द्यावा, असंही सांगितलं. निष्काळजीपणात तुमचाही हात आहे म्हणून. माणसं बोलावलीस की ती सुखरूप परत पाठवायची जबाबदारी तुझी. तुझ्या मोर्चात पाण्याचा टँकर नव्हता, डॉक्टर नव्हता, बायकांना बसायला सावली नव्हती. ड्रोन मात्र होता.

तुझा गृहपाठ तर मला बघवतच नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्काराचं 1972 चं प्रकरण तुला भाषणापुरतं माहीत आहे. दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये सोडलं. तेव्हा काय केलं लोकांनी? पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार, वसुधा धगमवार. चौघं शिक्षक, आमच्या जातीचे, हे मी मुद्दाम सांगतोय. निकालपत्राचा मुद्द्यागणिक समाचार घेतला, शिवी एक नाही. त्यावर स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा ठरला. रस्ता आणि कागद दोन्ही लागतात. तुझ्याकडे नुसता रस्ता आहे.

राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, माहीत आहे ना? ते आकाशातून पडलं नाही. प्रकाश सिंह, स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक, 1996 मध्ये न्यायालयात गेले. दहा वर्षं भांडून 22 सप्टेंबर 2006 ला निकाल मिळवला. बदल्यांवर मंडळ, पदाचा निश्चित कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त वेगळे करणं, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. महाराष्ट्राने त्यासाठी 2014 मध्ये पोलीस कायदा बदलला, तोही आपल्या सोयीने. बेकायदा अटक, कोठडीतली गंभीर दुखापत, अधिकाराचा गैरवापर, सगळं तिथे नेता येतं. गेल्या वर्षात तुझ्या संघटनेच्या किती तक्रारी तिथे गेल्या? मी तुझ्या कार्यालयात येऊन फाइल मागितली होती. एकही नाही. ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रण दीड वर्ष, निदान वर्षभर जपून ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये बजावलंय. तुझ्या लोकांना ठाण्यातून हाकललं त्या दिवसाचं चित्रण लेखी अर्ज करून मागितलंस? तेही नाही. लाइव्हला मात्र चाळीस हजार लोकांनी पाहिलं म्हणून तूच मला सांगितलंस.

आणि साहेब, तू हसू नकोस. प्रकाश सिंहांनी ते भांडण तुझ्यासाठी केलं होतं. पुढाऱ्याच्या फोनवर तुझी बदली होऊ नये म्हणून. ते संरक्षण तू कधी मागतोस का? नाही. फोन आला की उठून उभा राहतोस, आणि बायकांचा मोर्चा आला की मीटिंगमध्ये असतोस.

तुमच्या शांतता समितीच्या बैठकाही पाहतो मी. गणपती आले, ईद आली, की तेच दहा-बारा चेहरे, त्याच शाली, तोच फोटो. त्यातला निम्मा माल ज्यांच्यामुळे शांतता बिघडते त्यांचाच. भिवंडीत सुरेश खोपड्यांनी काय केलं होतं, ते जाऊन विचार. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेलं गाव. हे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या. पुढारी बाजूला, यंत्रमागवाले, बायका, रिक्षावाले, दुकानदार आत. भांडण नळाचं असो की गटाराचं, शिपाई तिथे बसून ऐकायचा. 1992-93 ला शेजारची मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या हिशोबाने नऊशे माणसं मेली. भिवंडी शांत राहिली. दंगलीनंतर मुंबईतही तोच मार्ग धरावा लागला, आणि त्या मोहल्ला समित्यांत तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी, निवृत्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्या कार्यकर्त्या एका सतरंजीवर बसल्या. अधिकारी आणि कार्यकर्ते एकमेकांचे गोडवे गात होते असं नाही. भांडत होते, पण समोरासमोर, आणि दर आठवड्याला.

तुम्हा दोघांना एकाच बाकावर बसवायची चूक मी करणार नाही. तुमचं पटलंच पाहिजे असंही नाही. ज्या जिल्ह्यात अधीक्षक आणि कार्यकर्ता गळ्यात गळे घालून फिरतात, तिथे दोघांपैकी एक जण आपलं काम करत नसतो. त्याने प्रश्न विचारायचे, तू उत्तरं द्यायचीस, लेखी. तो खोटं बोलला तर तू कागद दाखवायचास. तू खोटं बोललास तर त्याने कागद दाखवायचा. पण आज कागदच नाही कुणाकडे. त्याच्यावर शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा घातलास, जुना 353, आताचा 132. आणि तुझ्याकडे पुरावा म्हणून त्याचंच लाइव्ह आहे. वा!

आता ज्या बाईसाठी हा मोर्चा निघाला होता, तिचं नाव तुमच्यापैकी कुणाला आठवतंय? दोघंही खाली बघताय. नदीकाठची ती विधवा. रात्री दारावरून वाळूचे टिपर जातात म्हणून तिने तहसीलला अर्ज केला, तर चार जण घरात घुसून तिला आणि मुलाला मारून गेले. ठाण्यात तिची अदखलपात्र नोंद झाली, तुमच्या भाषेत एनसी, आणि कोर्टात जा म्हणून सांगितलं. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात 2013 मध्ये पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. घरात घुसून मारहाण दखलपात्र आहे, हे सांगायला पाच न्यायमूर्ती लागू नयेत. तुमच्या महिन्याभराच्या कुस्तीत तिची एनसी एनसीच राहिली. टिपर कालही गेले.

साहेब, आज संध्याकाळी पाचच्या आत तिचा जबाब महिला अंमलदारामार्फत लिहून घे आणि गुन्हा नोंदव. आणि झोळीवाल्या, तू तिच्यासोबत ठाण्यात जा. मोबाइल खिशात, तोंड बंद, जबाबातला शब्द न् शब्द वाचून तिला समजावून सांगायचा आणि मगच तिची सही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यायची असते. ती तिच्या हातात पडली की मला कळवा.